आधी पायाखालचं विचारा

१३ डिसेंबर २०२१ रोजी वाराणसीत काशी विश्वनाथ धामचं लोकार्पण झालं, तेव्हा पंतप्रधान नरेंद्र मोदींनी बांधकामावरच्या मजुरांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या, त्यांच्यात बसून फोटो काढला आणि त्यांच्याच पंगतीला बसून जेवण घेतलं. ते दृश्य बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आहे. महिन्याभराने तिथेच घडलेली गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली. मंदिराच्या आवारात चामड्याची किंवा रबराची पादत्राणं चालत नाहीत. त्यामुळे तिथले पुजारी, सेवेकरी, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार ऐन थंडीत दगडी फरशीवर अनवाणी काम करत होते. हे कळल्यावर जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांकडून तागाच्या शंभर जोड चपला पाठवल्या गेल्या.

मला या दोन गोष्टींत दुसरी मोठी वाटते. पाकळ्या उधळायला समारंभ लागतो. चपला पाठवायच्या तर कोणाला तरी आधी कामगाराच्या पायांकडे पाहावं लागतं, अडचण काय आहे ते विचारावं लागतं आणि नियमात बसेल असा तोडगा शोधावा लागतो. तागाने देवळाचा नियमही पाळला गेला आणि पायही वाचले. एक टोचणारा प्रश्न मात्र उरतोच. थंडी काही त्या वर्षी पहिल्यांदा पडली नव्हती. ही साधी गोष्ट दिल्लीला समजेपर्यंत जागेवरच्या कुणाला दिसली नव्हती का? दिसली असेल, तर ती दूर करायचा अधिकार आपल्याला आहे असं त्याला का वाटलं नाही?

धोक्याच्या कामातलं नेतृत्व या प्रश्नापाशी सुरू होतं. तिथला खरा नेता मंचावर नसतो. तो मुकादम असतो, सुपरवायझर असतो, साइटवरचा इंजिनीअर असतो, ठेकेदाराचा माणूस असतो. आणि वाचकहो, आपल्या हाउसिंग सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली म्हणून कुणाला तरी फोन लावणारे सचिव असाल, तर त्या दिवसापुरते तुम्हीही असता. हा लेख या सगळ्यांसाठी आहे. धोक्याचे धंदे पुष्कळ आहेत, पण मी गटाराच्या कामावरच बोलणार आहे. तिथे चुकीला दुसरी संधी मिळत नाही, आणि ते काम तुमच्या-माझ्या दारातच चालतं.

वाराणसीच्या जमिनीखाली काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे माणूस खाली का उतरतो ते कळेल. शहराच्या पोटात ‘शाही नाला’ नावाची शेकडो वर्षांची जुनी वाहिनी आहे. तिच्या जोडीला ब्रिटिश काळातली विटांची मलवाहिनी आहे आणि त्यावर नंतर वेळोवेळी घातलेल्या नळांचं जाळं. वर पक्का महालातल्या गल्ल्या अशा, की समोरून गाय आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गाळ खेचणारी मोठी गाडी तिथे शिरत नाही. गंगेला पूर आला की घाटांवर आणि वाहिन्यांत गाळ बसतो. गंगा कृती योजनेची सुरुवात १४ जून १९८६ रोजी याच शहरातल्या राजेंद्र प्रसाद घाटावर झाली. तेव्हापासून नदीवर भाषणं झाली, आयोग झाले, दीनापूरसारखी मोठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. पण घर आणि प्रक्रिया केंद्र यांच्यामधल्या नळात अडकलेला बोळा काढणारा माणूस या सगळ्या चर्चेत क्वचितच सापडतो.

तो बातमीत येतो ते मरण पावल्यावर. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रयागराजच्या कुंभात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले होते. त्यानंतर काही दिवसांतच वाराणसीत गटारात उतरलेल्या दोन कामगारांचा जीव गेला. यात राजकारणाचा टोला शोधू नका. शिखरावरचा आदर खरा असला, तरी तो तळापर्यंत आपोआप झिरपत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. मधल्या प्रत्येक पायरीवर तो कुणीतरी हाताने खाली पोचवावा लागतो: गॅस मोजायच्या यंत्राच्या रूपात, दोराच्या रूपात, ‘आज उतरू नका’ या शब्दांत.

गटारात माणूस कसा मरतो हे सुपरवायझरला माहीत नसेल, तर त्याच्या बाकीच्या चांगुलपणाचा उपयोग नाही. बंद चेंबरमध्ये मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेत दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाला, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘वास कमी झाला, आता ठीक आहे’ असं माणसाला वाटतं तो क्षण सर्वांत घातक असू शकतो. प्रमाण सातशेच्या पुढे गेलं तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. मिथेन हलका, तो वर राहतो आणि ठिणगी मिळाली तर पेट घेतो. याखेरीज नुसता प्राणवायू कमी असला तरी पुरे. आपल्या नेहमीच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा असुरक्षित समजतात.

जुने कामगार झाकण उघडून झुरळं जिवंत आहेत का ते पाहतात. काही जण पेटती काडी टाकून पाहतात. झुरळ कमी प्राणवायूतही तग धरतं आणि मिथेन असेल तर काडीने स्फोट होतो. अनुभवाला मान द्या, पण या दोन चाचण्या आजपासून बंद करा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला मास्क वायू अडवत नाही. गाळणी असलेला मास्कसुद्धा हवेत नसलेला प्राणवायू कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवा. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंचा अमेरिकेतल्या ‘नायोश’ या सरकारी संशोधन संस्थेने १९८६ मध्ये आढावा घेतला, तेव्हा मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला म्हणून आत गेलेले निघाले. आपल्याकडच्या बातम्या आठवून पाहा. एक उतरला, परत आला नाही, म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. त्यात अनेकदा भाऊ असतात, बाप-लेक असतात. सोबत्यासाठी जीव टाकणाऱ्या या माणसांच्या धैर्याला तोड नाही. पण वर उभ्या असलेल्या सुपरवायझरचं पहिलं काम हे धैर्य अडवण्याचं आहे. ‘तो पडला तर तुम्ही उतरायचं नाही; ओढून काढायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं,’ हे काम सुरू होण्याआधी, शांत असताना, प्रत्येकाच्या तोंडून वदवून घ्यायचं. नंतर ओरडून काही होत नाही.

आता कामाचं. पहिला प्रश्न ‘कोण उतरणार’ हा नाहीच. ‘कुणालाही न उतरवता हे होईल का’ हा आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर हो असतं. सोसायटीची टाकी सक्शन टँकरने वरूनच उपसता येते. तुंबलेली लाइन जेटिंगच्या पाण्याच्या माऱ्याने सुटते. मोठी गाडी गल्लीत जात नाही, ही सबब वाराणसीत खरी असली तरी शेवटची नाही. हैदराबादच्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारण मंडळाने २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांत शिरतील अशी सुमारे सत्तर छोटी जेटिंग यंत्रं रस्त्यावर आणली. ती चालवण्याचं काम दलित उद्योजकांकडे दिलं आणि त्यात मिलिंद कांबळे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ‘डिक्की’ या संघटनेची साथ घेतली. मला या उदाहरणात यंत्रापेक्षा मालकी मोठी वाटते. ज्या समाजातल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या खाली उतरवलं, त्याच समाजातला माणूस गाडीचा मालक झाला. केरळात ‘बँडिकूट’ नावाचा मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव तरुण अभियंत्यांनी बनवला, तो २०१८ पासून वापरात आहे. यंत्रं आहेत. अडतं ते कामाच्या दरात: मजूर स्वस्त पडतो म्हणून यंत्र महाग वाटतं.

मलवाहिनी किंवा सेप्टिक टाकी संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा महापालिकेसारखाच खासगी व्यक्तीलाही लागू आहे, म्हणजे सोसायटीच्या सचिवालाही. ‘आम्ही ठेकेदाराला सांगितलं होतं’ हे वाक्य तुम्हाला वाटतं तेवढं कामाचं नाही. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली आणि कायमचं अपंगत्व आल्यास किमान वीस लाख द्यायला सांगितले.

काही प्रसंगी, महापालिकेच्या जबाबदारीच्या कामात, माणूस उतरवण्याखेरीज गत्यंतर नसतं. तेव्हाची रीत कायद्याखालच्या नियमांत दिलेली आहे: लेखी परवानगी, जागेवर किमान तीन कर्मचारी आणि त्यांतला एक सुपरवायझर, काम दिवसाउजेडी, एका वेळी नव्वद मिनिटांहून जास्त नाही आणि मग अर्ध्या तासाची विश्रांती, शिवाय कामगाराचा किमान दहा लाखांचा विमा, ज्याचा हप्ता मालकाने भरायचा. सोसायटीने या वाटेला जाऊच नये.

प्रत्यक्ष कामाचा बारीकसारीक तपशील मात्र मुकादमाने शिकून घ्यावा. ज्या मॅनहोलात काम आहे त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं झाकणही उघडून हवा खेळू द्यायची, ब्लोअरने आत ताजी हवा सोडायची. चार वायू मोजणारं यंत्र दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी असं तीनदा वाचन घ्यायचं, कारण वायू थरांनी बसतात. ते यंत्र उतरणाऱ्याच्या अंगावर चालूच ठेवायचं, कारण गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो आणि दहा मिनिटांपूर्वीचा आकडा खोटा ठरतो. कंबरेला बांधलेला दोर म्हणजे सुरक्षा नव्हे. बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि मॅनहोलच्या तोंडाशी अडकतो. पूर्ण अंगाचा हार्नेस, वर तिपाई, तिला हाताने फिरवायची विंच. जो वर दोर धरून बसला आहे त्याला त्या वेळात दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. चहा आणायलासुद्धा पाठवायचं नाही.

उघड्या झाकणाभोवती कठडा आणि माणूस ठेवणं हाही याच शिस्तीचा भाग आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले, हे आपण विसरलेलो नाही.

इथवर साधनांचं झालं. साधनं पैशाने येतात. पुढचं पैशाने येत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

खाली काय आहे हे सगळ्यांत जास्त कुणाला माहीत असतं? उतरणाऱ्याला. कुठल्या चेंबरची पायरी गंजून तुटली आहे, कुठल्या कारखान्याचं तेजाबी पाणी दुपारी तीनला लाइनमध्ये येतं, कुठल्या वळणाला हवा जड लागते, हे कुठल्याच नकाशावर नसतं. ही माहिती तुम्हाला फुकट मिळते, अट एकच: त्याने सांगितल्यावर त्याला त्रास होता कामा नये. ‘काही अडचण आहे का?’ असा प्रश्न विचारलात तर ‘नाही साहेब’ हेच उत्तर येणार. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या आठवड्यात कुठे थोडक्यात वाचलात?’ हा प्रश्न चहाच्या वेळी, वही न उघडता विचारा. जे कळेल त्यातली एक तरी गोष्ट आठवडाभरात दुरुस्त करून दाखवा, नुसती एक पायरी बदलली तरी चालेल. आपण बोललो आणि काही हललं, हे एकदा दिसलं की पुढचं लोक आपणहून सांगतात. काहीच हललं नाही, तर तिसऱ्या वेळी तुमचा चहा पिऊन गप्प बसतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

यापुढची कसोटी ‘नाही’ची. कामगार म्हणाला, ‘आज मला खालचं बरं वाटत नाही, मी उतरत नाही,’ तर काय होतं? त्याचा रोज बुडतो का? उद्या त्याच्या जागी नाक्यावरून दुसरा माणूस येतो का? तसं होत असेल, तर तुमचे सगळे सुरक्षा फलक भिंतीला रंग द्यावा तेवढ्याच उपयोगाचे. नकाराला पूर्ण दिवसाचा पगार मिळेल हे करारात लिहून घ्या आणि पहिला नकार आला की तो सगळ्यांदेखत मान्य करा. गैरफायदा घेतील, अशी भीती ठेकेदार बोलून दाखवतात. घेईल एखादा. एका रोजाचं नुकसान आणि एका जिवाचं नुकसान यांत निवड करायला फार विचार लागू नये.

याच कारणाने हे काम उक्तं देऊ नका. ‘टाकी साफ करायचे इतके हजार’ असं ठरलं की घाई हाच मजुराचा फायदा होतो. मग हवा खेळवायला तासभर थांबणं त्याला परवडत नाही. वेळेवर पैसे द्या आणि थांबण्याच्या वेळेचेही द्या.

आता जातीबद्दल, कारण तिच्याशिवाय या कामातलं नेतृत्व अपुरं राहतं. गटारात उतरणारी बहुसंख्य माणसं दलित समाजातली आहेत. आपण कामाला बोलावतो, पण पाणी देताना भांडं वेगळं काढतो. जिन्याखाली बसवतो. पन्नाशीच्या माणसाला ‘अरे ए’ म्हणतो, तेच इलेक्ट्रिशियनला ‘अहो’. हे सुधारायला कुठलंही कंत्राट आडवं येत नाही. नाव विचारा आणि नावाने हाक मारा, वयाने मोठा असेल तर काका, मामा, जे तुमच्याकडे म्हणत असाल ते म्हणा. घरातल्याच कपात चहा द्या. काम झाल्यावर अंघोळीला गरम पाणी, साबण आणि आडोसा द्या. हे त्याच्या आरोग्याचंही काम आहे, कारण या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस आणि कावीळ होते. टिटॅनसची आणि ‘ब’ काविळीची लस टोचली आहे का ते ठेकेदाराला लेखी विचारा. ‘हे लोक पिऊनच येतात’ अशी तक्रार करण्याआधी शुद्धीत राहून त्या वासात उभं राहणं कसं असेल, याचा विचार करा. आणि खरंच कुणी पिऊन आला असेल तर अपमान न करता त्याला त्या दिवशी वरच ठेवा.

ओळख देणं ही किती मोठी गोष्ट असते ते पुण्याने दाखवलं आहे. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. पुढे तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली. ज्यांना रस्त्यावर कुणीही चोर म्हणून हटकायचं, त्यांच्याकडे महापालिकेचा कागद आला. तुमच्याकडे काम करणाऱ्याचं ओळखपत्र, त्याचा विमा आणि घरच्या माणसाचा फोन नंबर तुमच्या खिशातल्या वहीत आहे का? अपघात झाल्यावर ‘नाव काय होतं त्याचं?’ असं विचारायची वेळ येणं हे सुपरवायझरचं अपयश आहे.

कागदाचा विषय निघालाच आहे तर वाराणसीतलंच आणखी एक उदाहरण सांगतो. १५ मे २०१८ च्या संध्याकाळी कँट रेल्वे स्थानकाजवळ, चौकाघाट-लहरतारा उड्डाणपुलाचे दोन अजस्र बीम खाली चालू असलेल्या वाहतुकीवर कोसळले. किमान पंधरा जण गेले. चौकशीत जे पुढे आलं त्यात गूढ असं काही नव्हतं. बीम आडव्या तुळयांनी एकमेकांना बांधून घेतले नव्हते. तपासण्यांच्या नीट नोंदी नव्हत्या. खालची वाहतूक वळवलेली नव्हती. या तिन्ही गोष्टी रोज तिथे उभ्या असणाऱ्या माणसांना दिसण्यासारख्या होत्या. तपासणीची यादी म्हणजे वरच्या साहेबासाठी भरायचा कागद, अशी समजूत झाली की ती संध्याकाळी एका बैठकीत भरली जाते. ती जागेवर, हातात पेन घेऊन, आणि शेवटची सही काम करणाऱ्याची घेऊन भरा. त्याने सही केली नाही तर काम सुरू नाही. मुकादमाच्या सहीपेक्षा मला ती सही जास्त मोलाची वाटते.

संकटात मुकादम कसा असावा हे पाहायला उत्तराखंडात जावं लागेल. १२ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या पहाटे, सिलक्याराचा बोगदा ढासळला आणि ४१ कामगार आत अडकले. ते सतरा दिवसांनी, २८ तारखेला बाहेर आले. आतले फोरमन गब्बर सिंह नेगी यांनी सोबत्यांना चालायला लावलं, योगासनं करायला लावली, सगळ्यांना धीर दिला, आणि आपण सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडू असं सांगून ठेवलं. ‘शेवटी मी’ हे वाक्य धोक्याच्या धंद्यातल्या प्रत्येक मुकादमाने उचलावं असं आहे. पण ते संकटात अचानक सुचत नाही. रोज चहा वाटताना, रोज हार्नेस वाटताना जो स्वतःला शेवटी ठेवतो, त्यालाच ते त्या दिवशी शोभतं आणि लोक त्याचं ऐकतात.

बाहेरची बाजूही विसरू नका. खोदाईचं परदेशी बनावटीचं ऑगर यंत्र मोडून पडलं, तेव्हा शेवटचे दहा-बारा मीटर हाताने खोदले ते नळ टाकण्याच्या कामातल्या बारा मजुरांनी, जेमतेम सरपटता येईल अशा पाइपात शिरून. देशाने त्यांना डोक्यावर घेतलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्यातल्याच एकाचं दिल्लीतलं घर अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं. कारवाई कायद्याने बरोबर की चूक, यात मी पडत नाही. सत्कार हा पगाराच्या, घराच्या आणि विम्याच्या जागी चालत नाही, हे मात्र त्या ढिगाऱ्याने दाखवून दिलं.

सत्कार करूच नये असं नाही. पावसाळा संपल्यावर सफाई कामगारांना बोलावून शाल-श्रीफळ देणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. फक्त क्रम पाहा. शालीच्या पैशांत पाच जणांचे गमबूट येत असतील तर आधी गमबूट घ्या. उरलेल्या पैशांतून शाल.

रहिवासी म्हणून आपल्या हातात असलेलं एक काम अगदीच फुकट आहे. संडासात सॅनिटरी पॅड, डायपर, चिंध्या, दाढीची पाती टाकू नका. टाइल्स बदलताना निघालेला सिमेंटचा चिखल चेंबरमध्ये ओतू नका. लाइन बहुधा यांनीच तुंबते, आणि ते काढायला शेवटी कुणाचा तरी हात लागतो. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी वेळेवर उपसून घेतली तर तातडीचा प्रसंग येत नाही. माणूस घाईघाईत, रात्री, साधनांशिवाय उतरवला जातो तो याच तातडीत.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या. टाकी शेवटची कधी उपसली, पुढची तारीख कोणती, ठेकेदाराकडे टँकर आहे की नुसत्या बादल्या आणि दोर, हे इतिवृत्तात लिहून ठेवा. ‘आमच्या आवारात कोणीही टाकीत उतरणार नाही’ असा एका ओळीचा ठराव करा आणि तो रखवालदाराच्या टेबलासमोर लावा, कारण रविवारी सकाळी ठेकेदाराच्या माणसाला फाटकातून आत घेणारा तोच असतो. गटार किंवा टाकी तुंबली तर महापालिकेच्या ड्रेनेज विभागाला कळवा. १४४२० ही हेल्पलाइन याच कामासाठी आहे. आणि कुणी आत पडलंच, तर स्वतः उतरू नका, कुणाला उतरू देऊ नका, १०१ आणि १०८ लावा.